‘ग्रुपवर टाकलं होतं की!’ : ज्यांच्याकडे वेळ कमी आहे, त्यांना निर्णयात कसं घ्यायचं?

समजा, एका गावात तलावाची निगा राखणाऱ्या मंडळींचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. कुणी पगारी नाही, सगळे आपापल्या हौसेनं आलेले. सदस्य १८०. शनिवारी रात्री साडेनऊला एकजण लिहितो, ‘उद्या जेसीबी मोकळा आहे. फक्त डिझेल द्यायचं. काठाचा गाळ काढून घ्यायचा का?’ सव्वादहापर्यंत नऊजण बोलतात, चौदा अंगठे पडतात. साडेदहाला मेसेज येतो, ‘ठरलं मग. उद्या सकाळी सात वाजता.’

त्या तलावात मासेमारी करणाऱ्या बाईला हे कळतं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, मासे विकून परत आल्यावर. काठाचा उथळ भाग सरळ खणून झालेला असतो. मासे अंडी घालायला त्याच उथळ, वनस्पतींच्या भागात येतात, हे तिला ठाऊक असतं. जे नऊजण बोलले त्यांतल्या कुणालाच नसतं. ती विचारते तेव्हा उत्तर मिळतं, ‘ग्रुपवर टाकलं होतं की!’

इथं कुणी लबाडी केलेली नाही. कुणी कुणाला वगळायचं म्हणून वगळलेलं नाही. तरीही निर्णय त्यांनीच घेतला, ज्यांच्याकडे त्या रात्री वेळ, चार्जिंग आणि रेंज होती. स्वयंसेवकांच्या कुठल्याही गटात हे होतं. मग तो गावातला असो, सोसायटीतला असो, की जगभर पसरलेला ऑनलाइन गट असो. हा प्रश्न नेमका काय आहे, त्यावर लोकांनी आजवर काय काय उपाय केले आणि आपल्या ग्रुपवर त्यातलं काय करता येईल, ते या लेखात पाहू.

कमी वेळ म्हणजे कमी आस्था नव्हे

पगारी कामात निर्णय कुणी घ्यायचा हे हुद्द्यावरून ठरतं. स्वयंसेवी कामात हुद्दा नसतो, म्हणून आपण समजतो की तिथं सगळे सारखे. प्रत्यक्षात हुद्द्याची जागा मोकळा वेळ घेतो. जो जास्त वेळ ऑनलाइन, त्याचं म्हणणं जास्त वेळा दिसतं. जो प्रत्येक बैठकीला येतो, त्याला मागचा संदर्भ माहीत असतो आणि मग ‘तुम्ही मागच्या वेळी नव्हता ना, म्हणून तुम्हाला माहीत नाही’ हे वाक्य त्याच्या हाती येतं.

मोकळा वेळ सगळ्यांना सारखा मिळत नाही, ही खरी मेख आहे. घरात लहान मूल असलेली आई, दोन पाळ्यांत काम करणारा कामगार, आशाताई, रोजंदारीवरची मजूर, म्हाताऱ्या आईवडिलांचं करणारा मुलगा यांचा वेळ आधीच कुणीतरी घेतलेला असतो. पुष्कळदा निर्णयाचा परिणामही यांच्यावरच जास्त होतो. वर तलावाचं उदाहरण दिलं ते म्हणूनच.

अर्जुनी मोरगावचं कॅलेंडर

हा प्रश्न इंटरनेटमुळे निर्माण झालेला नाही. ग्रामसभेत तो आधीपासून आहे. कसा, ते पाहायला गोंदिया जिल्ह्यातला अर्जुनी मोरगाव तालुका चांगला.

(अर्जुनी नावाचे दोन तालुके याच जिल्ह्यात आहेत. मुंबई-कोलकाता महामार्गावरची ती सडक अर्जुनी. गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरची ती ही, अर्जुनी मोरगाव. बाहेरचा माणूस हमखास चुकीच्या अर्जुनीला उतरतो.)

हा झाडीपट्टीतला तालुका. धान, जंगल आणि तलाव या तिघांवर इथलं आयुष्य चालतं. नवेगावबांधचा मोठा तलाव याच तालुक्यात, इटियाडोह धरणही इथलंच. शिवाय गावोगावी मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आणि शेतातल्या बोड्या आहेत.

महाराष्ट्रात ग्रामपंचायत कायद्यानुसार वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांना किंवा त्यांच्या आसपास होतात. सुट्टीचा दिवस, झेंडावंदनाला लोक जमलेलेच असतात, म्हणून या तारखा सोयीच्या वाटतात. आता त्या तारखा इथल्या कामाच्या कॅलेंडरवर ठेवून पाहा.

१ मे हा तेंदूपत्त्याच्या हंगामाचा काळ. घरातली माणसं उजाडायच्या आत जंगलात जातात. उन्हं चढायच्या सुमारास पानांची ओझी घेऊन परततात, दुपारभर पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पुडे मोजून घेण्याच्या जागी, नेऊन देतात. हंगाम मोजक्या दिवसांचा. एक दिवस सभेला बसणं म्हणजे त्या दिवसाचा पैसा बुडवणं. गंमत म्हणजे २०१३पासून या जिल्ह्यातल्या काही ग्रामसभा वनहक्क कायद्याच्या आधारे स्वतःच तेंदूपत्त्याची विक्री करू लागल्या. म्हणजे ज्या विषयावर सभेत सर्वांत जास्त बोलायला हवं, त्या विषयाच्या कामातच लोक सभेच्या दिवशी गुंतलेले असतात.

१५ ऑगस्टला रोवणी एक तर नुकती आटोपलेली असते, किंवा पाऊस लांबला असेल तर जोरात चालू असते. रोवणी मुख्यतः बायाच करतात. चिखलात दिवसभर वाकून परे लावून आलेल्या बाईला दुपारच्या सभेबद्दल विचारून बघा.

२६ जानेवारीला इटियाडोहचं पाणी मिळणाऱ्या गावांत उन्हाळी धानाची तयारी चालू असते. ज्यांच्याकडे पाणी नाही, त्यांच्यातले बरेच कामाच्या शोधात बाहेर पडलेले असतात. राहिला २ ऑक्टोबर. तो त्यातल्या त्यात बरा, कारण निंदण आटोपलेलं असतं आणि मुख्य कापणी अजून पुढं असते. हलका धान लवकर आला तर मात्र तोही गेला.

चार तारखांपैकी जेमतेम एक सोयीची. आणि तरीही सभेला कुणी आलं नाही की आपण म्हणतो, लोकांना आस्थाच नाही.

याच तालुक्यात गोठणगाव-प्रतापगड परिसरात नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. १९७२मध्ये वसवलेली. पावसाळ्यात इथले लोक शेती करतात आणि हिवाळ्यात त्यांतले बरेचजण शहराशहरांत स्वेटर विकायला जातात. म्हणजे एकाच तालुक्यात कुणी उन्हाळ्यात मोकळं नाही, कुणी पावसाळ्यात, तर कुणी हिवाळ्यात गावातच नाही. ‘सगळ्यांना सोयीची एक वेळ’ शोधायला निघालात, तर ती सापडणार नाही. त्यामुळे निर्णय एकाच वेळेला बांधायचा नाही, इथूनच पुढचे बहुतेक उपाय सुरू होतात.

कायद्यानं काय तजवीज केली आहे?

पहिला आणि सर्वांत जुना उपाय म्हणजे गणपूर्ती. ठरावीक संख्येनं लोक हजर असल्याशिवाय निर्णयच नाही. महाराष्ट्रात साध्या ग्रामसभेसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. म्हणजे दोन हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं आली की सभा कायदेशीर. आणि गणपूर्ती नसेल तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. शहरातल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा ‘कोरमअभावी’ अर्ध्या तासानं त्याच जागी, त्याच दहा-बारा माणसांत भरते, ती अशीच.

२००६च्या वनहक्क कायद्याखालचे नियम याहून बरेच कडक आहेत. २०१२च्या दुरुस्तीनंतर त्यांत ग्रामसभेच्या किमान निम्म्या सदस्यांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. वनहक्काच्या दाव्यांवर ठराव करायचा असेल, तर दावेदारांपैकी किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकी किमान निम्मे हजर पाहिजेत. यातली शेवटची अट मला सर्वांत शहाणपणाची वाटते. नुसती डोकी मोजण्यापेक्षा, ज्याचं नुकसान-फायदा व्हायचा आहे तो खोलीत आहे का, एवढंच ती विचारते.

महाराष्ट्रात आणखी एक तरतूद आहे. नियमित ग्रामसभेच्या आधी गावातल्या महिला सदस्यांची वेगळी सभा घ्यावी लागते. कागदावरची कल्पना उत्तम आहे. जिथं सासरा, दीर, पाटील असे सगळे समोर बसलेले असतात तिथं जे बोलता येत नाही, ते आधी आपापसात बोलून ठेवायचं आणि एकत्रित म्हणणं म्हणून मांडायचं. पण महिला सभा मुख्य सभेच्या आदल्या दिवशी, रोवणीच्याच आठवड्यात घेतली, तर बायांचा एक दिवस जायचा तिथं दोन जातात.

गणपूर्तीची मर्यादा हीच आहे. ती हजेरी मागते, मत मागत नाही. सभा झाल्यावर रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या गोळा केल्याच्या तक्रारी अनेक गावांतून ऐकू येतात, त्या उगाच नाहीत.

मेंढा-लेखाने चर्चा आणि निर्णय वेगळे केले

अर्जुनी मोरगावच्या शेजारचाच जिल्हा गडचिरोली. तिथल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे शंभरेक घरांचं गोंड गाव ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेसाठी देशभर ओळखलं जातं. २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं. २०११मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकारही ग्रामसभेला मिळाला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं या गावाशी जोडलेली आहेत.

आपल्या विषयाच्या दृष्टीनं तिथल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, निर्णय बहुमतानं नाही तर सर्वसहमतीनं होतो. एकाचाही खरा विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. दोन, अभ्यासगट. गावातले लोक, कधी बाहेरचे जाणकारही, एखाद्या विषयावर बसून बोलतात, माहिती घेतात. अभ्यासगटात निर्णय होत नाही, तो ग्रामसभेतच होतो.

यामुळे कमी वेळ असलेल्या माणसाचं काय होतं? तो एखाद्या अभ्यासगटाला नव्हता, म्हणून काही हातचं गेलं नाही, कारण तिथं काहीच ठरणार नव्हतं. विषय आज नाही तर पुढच्या खेपेला पुन्हा येणारच असतो. मधल्या दिवसांत पाराजवळ, विहिरीवर, शेताच्या बांधावर तो त्याच्या कानावर येतो. गावाची गप्पांची यंत्रणा गैरहजर माणसापर्यंत विषय पोचवते. मात्र त्यासाठी तिला वेळ द्यावा लागतो. शनिवारी रात्री साडेनऊ ते साडेदहा या तासाभरात ती चालत नाही.

याची किंमतही आहे. सर्वसहमतीला वेळ लागतो आणि शंभर घरांच्या, एकमेकांना ओळखणाऱ्या गावात जे जमतं ते दोन हजारांच्या ग्रुपमध्ये जसंच्या तसं जमेल असं नाही.

दूरवरच्या स्वयंसेवकांचे नियम

ज्या ऑनलाइन गटांतले लोक कधीच एकमेकांना भेटत नाहीत, त्यांना हा प्रश्न फार लवकर जाणवला. एकाची सकाळ ती दुसऱ्याची मध्यरात्र असते आणि बहुतेकजण नोकरी-घर सांभाळून उरलेल्या वेळात काम करत असतात.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तिथल्या सामायिक चर्चेच्या पानाचं नाव ‘चावडी’ आहे. नाव समर्पक आहे. फक्त या चावडीवरचं बोलणं पुसलं जात नाही. आठवड्यानं आलेला माणूस पहिल्यापासून सगळं वाचू शकतो आणि त्याखाली आपलं म्हणणं लिहू शकतो. इंग्रजी विकिपीडियावर मोठ्या मतभेदाच्या विषयावर सर्वांकडून मतं मागवली जातात, तेव्हा ती चर्चा साधारण ३० दिवस खुली राहते. शेवटी त्या वादात नसलेली एखादी व्यक्ती सगळं वाचून निष्कर्ष लिहिते. ती मतं मोजण्यापेक्षा कुणी काय कारण दिलं ते तोलते, निदान तशी अपेक्षा असते. दिवसातून वीस वेळा लिहिणाऱ्याचं एक कारण आणि महिन्यातून एकदा येणाऱ्याचं एक कारण इथं सारख्या वजनाचं ठरू शकतं.

अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन ही स्वयंसेवकांच्या जोरावर चालणारी मोठी संस्था. तिथं मतदान साधारणपणे किमान ७२ तास खुलं ठेवतात, जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या माणसाला संधी मिळावी म्हणून. तिथला एक दंडक प्रसिद्ध आहे. जे सगळ्यांसमोर लिहून झालं नाही, ते झालंच नाही. दोघातिघांनी फोनवर किंवा चहा पिताना ठरवलं तरी ते फार तर सूचना, निर्णय नव्हे.

इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणारी आयईटीएफ ही संघटना याच्याही पुढं जाते. तिच्या बैठका प्रत्यक्ष भरतात, पण बैठकीत झालेलं एकमत अंतिम धरलं जात नाही. ते नंतर लेखी सर्वांपुढं ठेवून पक्कं करावं लागतं. विमानाचं भाडं परवडलं म्हणून एखाद्याच्या मताला जास्त किंमत येऊ नये, हा त्याचा व्यवहारातला अर्थ.

मौन म्हणजे होकार का?

‘कुणी काही बोललं नाही, म्हणजे सगळ्यांना मान्य आहे.’ हे वाक्य प्रत्येक ग्रुपवर असतं. अपाचेमध्येही ‘कुणाची हरकत आली नाही तर पुढं जायचं’ ही पद्धत आहे आणि ती वाईट नाही. प्रत्येक बारीकसारीक गोष्टीवर सगळ्यांचा होकार मागत बसलं, तर कामच होणार नाही.

पण मौनाचे प्रकार असतात. वाचलं आणि पटलं, म्हणून गप्प. वाचलं, पटलं नाही, पण बोललो तर वाईटपणा येईल, म्हणून गप्प. वाचलंच नाही, म्हणून गप्प. व्हॉट्सअॅपवर हे तिन्ही सारखेच दिसतात. आणि तिसरा प्रकार अर्थातच कमी वेळ असलेल्यांचा.

माझ्या मते इथं एकच प्रश्न विचारावा. हा निर्णय उद्या चुकीचा वाटला, तर मागं घेता येईल का? श्रमदान रविवारी की सोमवारी, पोस्टरचा रंग कुठला, चहा कुणाकडे, या गोष्टी उद्या बदलता येतात. तिथं मौन होकार धरायला हरकत नाही. तलावाचा काठ जेसीबीनं खणणं, झाड तोडणं, जमा वर्गणी खर्च करून टाकणं, एखाद्याला ग्रुपमधून काढणं, कुणाशी लेखी करार करणं, हे मागं घेता येत नाही किंवा फार महागात पडतं. तिथं मौनाला होकार म्हणू नये. तिथं ज्याच्यावर परिणाम होणार त्याचा स्पष्ट शब्द हवा.

अर्जुनी मोरगाव आणि आसपास तलावांच्या पुनरुज्जीवनाचं जे काम मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढीवर समाजाला सोबत घेऊन केलं, त्यात हाच मुद्दा वेगळ्या रूपात दिसतो. बेशरम काढणं, स्थानिक पाणवनस्पती लावणं, देशी मासे जपणं यासाठी लागणारं ज्ञान ज्यांच्याकडे होतं ते रोज पाण्यात उतरणारे लोक होते. सभेत बसायला वेळ असणारे नव्हेत.

आपल्या ग्रुपवर काय करता येईल?

सर्वांत आधी प्रश्न नीट लिहा. कमी वेळ असलेल्या माणसाला ३४० मेसेज वर सरकवून ‘नेमकं काय चाललंय’ हे शोधायला लावलं, तर तो तिथंच सोडून देईल. एकाच मेसेजमध्ये सगळं मावायला हवं. तलावाचाच विषय घेतला तर मेसेज असा असू शकतो :

> निर्णय हवा आहे : तलावाच्या पूर्वेकडचा काठ जेसीबीनं खणायचा की हातानं बेशरम काढायची?
> जेसीबी : एक दिवस, डिझेलचा खर्च. हातानं : पाच-सहा रविवार, खर्च नाही.
> नंतर बदलता येईल का : जेसीबी लावल्यास नाही.
> कुणाला आवर्जून विचारायचं : तलावात मासेमारी करणारी घरं, खालच्या बाजूचे शेतकरी. त्यांच्याकडे कोण जाणार ते खाली लिहा.
> मुदत : पुढच्या रविवारी रात्री ९ पर्यंत. लिहून, बोलून किंवा फोन करून कळवलं तरी चालेल.
> तोपर्यंत काही ठरणार नाही.

शेवटची ओळ छोटी दिसते, पण तिच्यावर बरंच अवलंबून आहे. मधल्या काळात चर्चा कितीही रंगली तरी मुदतीआधी ‘ठरलं’ म्हणायचं नाही. हा मेसेज ग्रुपवर पिन करून ठेवता येतो. व्हॉट्सअॅपवर पिन २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस टिकते. आठवड्याची मुदत असेल तर ७ दिवसांची पिन लावावी.

मुदत किती ठेवायची? शहरातल्या नोकरदारांच्या गटाला आठवडा ठीक आहे, कारण त्यात एक रविवार येतो. तेंदूच्या किंवा रोवणीच्या दिवसांत आठवडा पुरणार नाही. अशा वेळी घाईचं नसेल तर विषय हंगामानंतर घ्यावा. झाडीपट्टीत यासाठी एक तयार वेळ आहे. दिवाळीनंतर भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते, रात्री नाटकं होतात आणि नागपूर-हैदराबादकडे कामाला गेलेली माणसंही गावात येतात. वर्षाचा मोठा निर्णय तेव्हा ठेवला, तर निम्मी अडचण आपोआप दूर होते. प्रत्येक गावाला, प्रत्येक गटाला अशी आपली एक वेळ असते. ती ओळखून ठेवावी.

पोलचं काय? व्हॉट्सअॅपवर २०२२पासून पोल घेता येतो आणि तो सोपा आहे. मात्र त्यात कुणी कशाला मत दिलं हे सगळ्यांना दिसतं. सरपंचांनी वरच्या पर्यायाला मत दिल्यावर खालच्या पर्यायावर बोट ठेवायला धीर लागतो. शिवाय पोलमध्ये ‘दोन्ही नको, तिसरंच करा’ असं सांगायला जागा नसते, आणि कमी येणाऱ्या माणसाकडे बहुधा हीच तिसरी गोष्ट असते. म्हणून पोल शेवटी घ्यावा, सुरुवातीला नाही.

मोठा मेसेज वाचायला ज्यांना त्रास होतो, त्यांच्यासाठी तोच मजकूर कुणीतरी आवाजात रेकॉर्ड करून टाकावा आणि उत्तरही आवाजात चालेल असं सांगावं. ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही, त्यांच्याकडे माणूस जायला हवा. याला पर्याय नाही. घरात फोन एकच असेल, तर तो बहुतेकदा मुलाकडे किंवा नवऱ्याकडे असतो आणि ग्रुपमध्ये ‘घर’ सामील असलं तरी घरातली बाई नसते. निरोप नेणाऱ्यानं परत येऊन त्या व्यक्तीचं म्हणणं तिच्याच शब्दांत ग्रुपवर लिहावं. ‘त्यांचं काही म्हणणं नाही’ एवढंच लिहून मोकळं होऊ नये.

‘काम आम्ही करायचं आणि निर्णय त्यांनी घ्यायचा?’

हा आक्षेप येणारच, आणि तो खोटा नाही. दर रविवारी चिखलात उतरणाऱ्या पाचजणांना वर्षातून एकदा ग्रुपवर डोकावणारा माणूस ‘हे असं नको’ म्हणतो, तेव्हा चीड येणं साहजिक आहे. कमी येणाऱ्यांना सामावून घेण्याच्या नादात जे रोज येतात तेच दमून निघून गेले, तर गटच राहणार नाही.

इथं अपाचेचा एक नियम उपयोगी पडतो. कामातल्या एखाद्या बदलाला एकटा माणूसही अडवू शकतो, पण त्याला कारण द्यावं लागतं. कारणाशिवायचा नकार मोजला जात नाही. गावातल्या गटालाही हे लागू करता येईल. हरकत घेणाऱ्यानं काय बिघडेल ते सांगायचं, जमलं तर दुसरा मार्गही सुचवायचा. मासेमारी करणारी बाई ‘इथं मासे अंडी घालतात’ असं एका वाक्यात सांगते, तेवढं पुरेसं कारण आहे. ‘मला विचारलं नाही म्हणून’ हे पुरेसं नाही, जरी त्यामागची खंत खरी असली तरी.

दुसरं म्हणजे कामाची रोजची पद्धत काम करणाऱ्यांवरच सोडावी. किती वाजता जमायचं, फावडी कुठून आणायची, कुठल्या टोकापासून सुरुवात करायची, यात बाकीच्यांनी पडू नये. काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे सगळ्यांनी मिळून ठरवावं. ही रेघ आधीच आखून घेतली की बरीच भांडणं टळतात. प्रत्येक वेळी ती नेमकी कुठं पडते यावर वाद होईलच, त्याला इलाज नाही.

ठरलेलं पुन्हा उघडायचं कधी?

एवढं करूनही कुणीतरी राहणारच. स्वेटर विकून फेब्रुवारीत परतलेला माणूस डिसेंबरचा निर्णय बघून म्हणेल, हे मला माहीतच नव्हतं. त्याच्यासाठी निर्णयाची नोंद सापडेल अशी असावी. काय ठरलं, कधी, कुणी कुणी काय कारण दिलं, कुणाला विचारायचं राहून गेलं. शेवटचा मुद्दा लोक लिहीत नाहीत, कारण तो कमीपणा वाटतो. तो लिहावा. ‘खालच्या टोलीतल्या घरांशी बोलणं झालं नाही’ अशी नोंद असेल, तर पुढच्या वेळी त्याच घरांपासून सुरुवात करता येते.

आणि पुन्हा उघडण्याची अट आधीच ठरवून ठेवावी. नवी माहिती आली तर विषय पुन्हा घ्यायचा. तीच माहिती नव्या आवाजात आली, तर नाही. किंवा सरळ तारीखच टाकून ठेवायची, ‘हा निर्णय पुढच्या मंडईपर्यंत, तेव्हा पुन्हा बघू’. जेसीबीनं खणलेला काठ यानं परत येत नाही. बाकी बरंच काही मात्र मंडईपर्यंत थांबू शकतं.